डाव्या कानाचं मत

कुठल्याही अल्बमबद्दल मत द्यायला ताईला दुसरं गाणं लागायचं नाही. पहिलं निम्मं झालं की तिचं मत तयार. मग उरलेला अल्बम ती ऐकायची तो आपलं मत किती बरोबर आहे हे बघायला, आणि ते नेहमीच बरोबर निघायचं.

संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याची तिला तिळमात्र खंत नव्हती. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डागांचं टेबल तिच्याकडे होतं. आलेला कपडा उजेडात धरायचा, डागाभोवती खडूने गोल काढायचा, चिठ्ठी टाचायची आणि मग ब्रश घेऊन डागाच्या मागे लागायचं. हात कामात, तोंड रिकामं. असं माणूस दिवसभर काय करणार? ती गाणी ऐकायची, आणि ऐकून झालं की धाकट्या भावाला व्हॉइस मेसेज पाठवायची.

हा भाऊ म्हणजे बारक्या. उंचीने तिच्यापेक्षा वीतभर जास्त, तरी बारक्याच. गावोगावच्या हॉलमध्ये स्पीकर बसवायचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात गिटार घेऊन गायचा. कुठला अल्बम ऐकायचा हे तो सांगायचा आणि कसा होता हे ती सांगायची. वर्षानुवर्षं दोघांचं बोलणं असंच चाललं होतं, कारण तो कधी एका जागी नसायचा आणि तिला एका जागेवरून हलता यायचं नाही.

तिची मतं ऐकण्यासारखी असत. एका व्हायोलिनवाल्याबद्दल ती म्हणाली होती, "छान आहे रे, पण दारात उभा राहूनच बोलतोय. आत या म्हटलं तरी येईना." मेटलच्या अल्बमबद्दल, "एवढं ओरडायला काय झालं? पण ड्रमवाला कामाचा आहे, जाड कोटांचे डाग याच्यावर भराभर निघाले." जॅझबद्दल, "सगळे एकदम बोलतात, आपल्या घरातल्यासारखे. फक्त भांडण होत नाही." एका रॅप करणाऱ्या मुलीवर ती बेहद्द खूश झाली होती. "पोरगी खरं बोलते. श्वास कधी घेते देव जाणे." आणि नुसत्या यंत्रांवर केलेल्या संगीताचा एक अल्बम बारक्याने मोठ्या कौतुकाने सुचवला, तेव्हा म्हणाली, "धुण्याचं मशीन सुरू करून हे लोक दाराला कुलूप लावून गेलेत."

काही मतं मात्र विचित्र असायची. जगाने डोक्यावर घेतलेल्या एका रॉक अल्बमबद्दल तिने विचारलं होतं, "गिटारवाला सुट्टीवर होता का?" नवरा-बायकोने मिळून गायलेल्या एका अल्बमबद्दल म्हणाली, "नवरा एकटाच भांडतोय. बायको बहुतेक बाजारात गेली." बारक्या हसून हसून बेजार व्हायचा. त्याला वाटायचं, ताई गंमत करते. ताईला वाटायचं, मी तर सरळ बोलले, याला हसायला काय झालं?

मेसेज कुठल्याही अल्बमचा असो, शेवट एकच असायचा. "बरं, ते जाऊ दे. जेवलास का ते आधी सांग."

तर या बारक्याने स्वतःचा अल्बम केला. कुणाला पत्ता लागू न देता, ताईच्याच गावातल्या एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरातल्या स्टुडिओत, येता-जाता वेळ काढून. एका कंपनीने तो काढायचं कबूल केलं, तेव्हा त्याने ताईला पाठवला आणि खाली स्टुडिओचा पत्ता देऊन लिहिलं, "आधी पूर्ण ऐक, मग सांग. तू हो म्हणालीस तरच पुढे पाठवतो. नाहीतर मी आणि माझे स्पीकर आहोतच."

ताईने दुकानात पोचल्या पोचल्या इअरफोनचं एक बोंडूक डाव्या कानात घातलं. दुसरं नेहमीप्रमाणे गळ्यापाशी लोंबत राहिलं. बारक्याचा आवाज सुरू झाला आणि तिच्या हातातला ब्रश थांबला. आवाजाला काही नाव ठेवायला जागा नव्हती. गाणीही खरी होती: रिकामे हॉल, भाड्याच्या खोल्या, स्पीकरसमोर "चाचणी, चाचणी" म्हणणारा माणूस. पण दोन ओळी गाऊन झाल्या की हा थांबायचा. मागे गिटारची एक तार तेवढी टुणटुणत राहायची. मग पुन्हा दोन ओळी, पुन्हा थांबणं. एक गाणं नाही, दोन नाही, सगळी गाणी अशीच. बसची वाट बघत उभ्या असलेल्या माणसासारखा हा गाण्याच्या मध्येच उभा. ताईचा जीव कासावीस झाला. एवढा चांगला गळा, आणि हा असा वाया घालवतोय!

तिने लगेच फोन तोंडाशी धरला. "बारक्या, गळा छान लागलाय. पण ते मध्ये मध्ये काय घालून ठेवलंयस? त्याने सगळा विचका झालाय बघ. काढून टाक ते. तुझं तू सरळ गा ना! बरं, जेवलास का ते आधी सांग."

जेवलास का याचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडताना, दोन ओळींचा मेसेज आला. "ठीक आहे, आज काढून टाकतो. तुला आधी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

ताईने तो वाचला. परत वाचला. काढून टाकतो हे समजलं. पण विचारायला हवं होतं म्हणजे? काय विचारायला हवं होतं? गाण्यात कुठे थांबायचं हे बहिणीला विचारून कोण ठरवतं? तिने फोन लावला, तर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. बारक्या रागावला की फोन बंद करत नाही, भांडतो. दुखावला गेला की बंद करतो. हे तिला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तिला काही सुचेना.

त्या दिवशी तिने कामात जे गोंधळ घातले ते त्या टेबलाने आधी कधी बघितले नव्हते. कुणाच्या पँटची चिठ्ठी कुणाच्या पडद्याला टाचली. एका गिऱ्हाइकाला पावतीऐवजी खडू दिला. टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत नुसत्या येरझारा. मालकीणबाईंनी चष्म्यावरून दोनदा बघितलं. शेवटी एका झग्यावरच्या भरतकामाच्या फुलाभोवती तिने खडूने गोल काढला आणि त्यावर डागाचा ब्रश उचलला, तेव्हा मागून इस्त्रीवाल्या काकांनी तिचा हात धरला.

"अगं, ते फूल आहे! झग्यासकट घालवतेस की काय?"

काका या दुकानात ताईच्याही आधीपासूनचे. दिवसभर वाफेत उभे राहून त्यांचा चेहरा कायम नुकताच धुतल्यासारखा दिसायचा. गाण्यात त्यांना गम्य नव्हतं, पण माणसाचं काय बिनसलंय ते त्यांना लगेच कळायचं.

"सकाळपासून बघतोय. काय ऐकतेयस एवढं?"

"भावाचा अल्बम. मी काहीतरी बोलले, तो दुखावलाय. काय बोलले तेच कळत नाहीये. तेच परत परत ऐकतेय."

"बघू इकडे."

लोंबणारं बोंडूक काकांनी आपल्या कानात घातलं. वायर आखूड, त्यामुळे दोघांना डोकी जवळ आणावी लागली. ताईने गाणं पहिल्यापासून लावलं. तिच्या कानात बारक्या गाऊ लागला. काका कपाळाला आठ्या घालून भिंतीकडे बघत राहिले.

"काही येत नाही याच्यात. नुसती टुणटुण," ते म्हणाले.

"गातोय की! मोठ्याने गातोय."

"इथे कुणी गात नाहीये बाई."

बारक्याच्या दोन ओळी संपल्या. तो थांबला. आणि त्या थांबलेल्या जागेत इस्त्रीवाले काका एकाएकी खो खो हसायला लागले.

"अगं, ही तर तू!"

"कोण मी?"

"तूच की! 'दारात उभा राहूनच बोलतोय' म्हणतेयस. मागे माझ्या इस्त्रीची वाफसुद्धा ऐकू येतेय!"

ताईने त्यांच्या कानातलं बोंडूक जवळजवळ उपटून घेतलं आणि उजव्या कानात घातलं. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

डावीकडे बारक्या गात होता. रात्रीचा प्रवास करून पोचलो, हॉल रिकामा, माझाच आवाज भिंतीवरून परत येतो. दोन ओळी. तो थांबला, आणि उजवीकडून ताई बोलली. दुकानातली, घाईतली, ब्रश घासतानाची ताई. "दारात उभा राहूनच बोलतोय. आत या म्हटलं तरी येईना." त्यावर बारक्याने पुढची ओळ गायली, तिच्या बोलण्याला उत्तर दिल्यासारखी. पुढच्या गाण्यात तो म्हणत होता की सगळं सोडून द्यावं, कुणाला हवंय हे, आणि उजवीकडची ताई म्हणाली, "पोरगी खरं बोलते." एकेका मेसेजमधलं एकेक वाक्य वेचून त्याने कुठे कुठे बसवलं होतं. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी, जिथे तिला काल नुसती टुणटुण ऐकू आली होती, तिथे तिचाच आवाज होता. जेवलास का ते आधी सांग.

ताई स्टुलावर बसली.

लहानपणी दोघांत मिळून इअरफोनची एकच जोडी होती. डावा तिचा, उजवा त्याचा. त्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या, आईने एकदा ती जोडी माळ्यावर टाकली होती. पुढे बारक्या घर सोडून गेला, ताईला स्वतःची नवीन जोडी मिळाली, तरी तिचा हात उजवं बोंडूक उचलायचाच नाही. ते बारक्याचं होतं. दुकानात आल्यावर तर सोयच झाली, गिऱ्हाइकाची घंटा ऐकायला एक कान मोकळा लागतोच. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे हेच तिला कधी वाटलं नव्हतं. म्हणजे गिटारवाला सुट्टीवर नव्हता. बायकोही बाजारात गेलेली नव्हती, ती बिचारी अख्खा अल्बमभर उजवीकडे भांडत होती.

आणि बारक्या स्वतः डावीकडे बसला होता, तिच्या कानात. तिला बसवलं होतं स्वतःच्या कानात. त्यावर ती म्हणाली होती की याने विचका झालाय, काढून टाक.

लाज, राग, माया सगळं एकदमच तिच्या अंगावर आलं. ती उठली आणि मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मला जायचंय. कान दुखतोय."

"कुठला?"

"उजवा," ताई म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडली.

फर्निचरच्या दुकानापर्यंतचं अंतर ती निम्मं चालली आणि निम्मं पळाली. सोफे, कपाटं ओलांडून तळघराचा जिना उतरली तर समोर बंद दार आणि दारावर लाल दिवा. दिवा लागला असेल तर दार उघडायचं नाही, अशी पाटीच होती. शेजारी बाक होता. ताई बसली, उठली, पुन्हा बसली. दाराला लहानशी काच होती, तिच्यातून पाठमोरा बारक्या दिसत होता, मोठे हेडफोन लावून माइकसमोर उभा. त्याचे खांदे गाताना जसे हलतात तसे हलत नव्हते. दाराला कान लावला तर तो नुसता "हं हं, हं हं" करताना ऐकू आला. ताईला कळलं. तो तिच्या जागा भरत होता.

तिने दार उघडलं.

"बंद कर ते!"

बारक्या दचकून वळला. काचेपलीकडे यंत्रांपाशी बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो बाई, लाल दिवा दिसला नाही का?"

"दिसला. पुसलंत का तुम्ही ते? माझं बोललेलं?"

"पुसा म्हणाले होते हे," तो बारक्याकडे बघत म्हणाला. "मी म्हटलं, राहू दे बाजूला. मला आवडलं होतं."

ताईच्या जिवात जीव आला. बारक्या मात्र तिच्याकडे बघत नव्हता. हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाला, "ताई, तू कशाला आलीस? काढतोय म्हटलं ना. तुला न विचारता तुझा आवाज घेतला. तुला अपमान वाटला असेल."

"मूर्खा, मी ऐकलाच नव्हता!"

"काय ऐकलं नव्हतंस?"

"उजवीकडचं काही. मी डाव्याच कानाने ऐकते रे. उजवा तुझा ना!"

बारक्या तिच्याकडे बघत राहिला.

"अजून?"

"मग? तू परत दिलास कधी?"

"म्हणजे तो गिटारवाला…"

"हो."

"आणि ती बायको…"

"हो म्हटलं ना! आता हसू नकोस."

पण तो हसायला लागला होता, आणि हसता हसता त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग त्याने डोक्यावरचे हेडफोन काढले आणि दोन्ही हातांनी ताईच्या दोन्ही कानांवर बसवले. रेकॉर्डिंगवाल्याला खूण केली.

ताई उभ्याने ऐकत राहिली. पहिलं गाणं निम्मं झालं, तरी ती काही बोलली नाही. पहिलं संपलं, दुसरं सुरू झालं. बारक्या माइकच्या दांड्याला धरून तिच्या तोंडाकडे बघत होता. लहानपणी भोवरा फिरवून दाखवताना बघायचा, तसाच. तिने एकदाही डोळे उघडले नाहीत. शेवटचं गाणं संपलं, टुणटुण थांबली, तेव्हा तिने हेडफोन काढून त्याच्या हातात दिले आणि पदराने नाक पुसलं.

"सांग," बारक्या म्हणाला.

"ती बाई फार बोलते."

"मग काढू तिला?"

"हात तर लावून बघ," ताई म्हणाली. "आणि जेवलास का ते आधी सांग."