न मोडणारा सांधा

तिची उंची हा घरातला जुना विनोद. बल्ब बदलायला स्टूल लागायचं नाही, म्हणून वेल्डर बापाने तिचं नाव शिडी ठेवलं. ती विमा कंपनीत साहेबीण झाली तरी हे नाव काही सुटलं नाही. तिने जुनी छोटी गाडी घेतली तेव्हा मात्र पंचाईत झाली. गुडघे मावावेत म्हणून सीट मागे न्यावी तर स्टिअरिंग लांब जायचं. घरात वेल्डर असताना मुलीने हात ताणून गाडी चालवायची म्हणजे काय, असं म्हणत बापाने स्टिअरिंगचा दांडा काढला, कापला आणि मधे जाड पाइप घालून असा जोडला की चाक बरोबर तिच्या हाताशी आलं. गाडी भंगारात जाईल पण हा सांधा मोडायचा नाही, हे तो गल्लीभर सांगत फिरला.

ते ऐकून समोरचे ड्रॉइंग मास्तर आले. त्यांचा एक गुडघा वाकत नाही, सीट मागे घ्यावी लागते, म्हणजे अडचण तीच. बापाने त्यांच्याही गाडीला तसाच पाइप घातला. मास्तर त्या गाडीतून रोज नातीला शाळेत सोडतात.

आता गंमत बघा. शिडी कंपनीत अपघाताचे दावे तपासते. परवानगीशिवाय गाडीत फेरफार केला असेल तर दावा नामंजूर, हे ती रोज लोकांना तोंडावर सांगते. स्वतःच्या गाडीचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. बापाने केलं ते कौतुक, त्याला फेरफार कोण म्हणणार?

गाडी तपासणीला न्यायची वेळ आली तेव्हा बाप हट्टाने सोबत गेला. कुणीतरी जाणकाराने आपलं काम बघावं, एवढीच त्याची हौस. तपासनीस टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली आडवा झाला आणि बराच वेळ उठला नाही. बाप कौतुक ऐकायच्या तयारीने उभा होता.

"समोरून धडक बसली की हा दांडा आत मिटायला हवा," तपासनीस उठून म्हणाला. "म्हणजे चालवणाऱ्याची छाती वाचते. इथे कुणीतरी पाइप घालून त्याचा भाला केलाय. कुणी केलं हे?"

मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून, तुम्ही तर विम्यातल्या, तुम्हाला हे कळायला हवं होतं, असंही तो म्हणाला. शिडीचे कान तापले.

"आधीच्या मालकाने केलं असेल. मला काही कल्पना नाही."

"आणि हे कोण?"

"सोबत आलेत," ती म्हणाली.

 बाप सावकाश दाराबाहेर गेला आणि फाटकापाशी उभा राहिला, एखाद्या परक्या माणसासारखा. असा सांधा करणाऱ्याने आणखी कुणाची गाडी बिघडवली असेल तर तीही थांबवायला हवी, असं तपासनीस सांगत होता. शिडीने मान डोलावली, पण मास्तरांच्या गाडीचं नाव काढलं नाही. गाडी चालवायला मनाई झाली, म्हणून ती तिथेच ठेवून दोघं बसने परतली. वाटभर ती खिडकीबाहेर बघत राहिली. बापाची माफी मागायलाही तिचं तोंड उघडेना.

गल्लीच्या तोंडाशी बाप एवढंच बोलला, "आधी मास्तरांकडे."

मास्तर हातात किल्ली घेऊन दारातच होते. नातीची शाळा सुटायची वेळ झाली होती. आज गाडी काढू नका, असं बापाने सांगितलं. मास्तर हसले. तुझं काम आहे, मला कसली काळजी, म्हणाले.

"माझं काम मोडत नाही, तेच वाईट आहे," बाप म्हणाला. त्याने धडकेचं सगळं उलगडून सांगितलं, हाताने स्वतःची छाती दाखवून. गल्लीतले दोघे-तिघे थांबून ऐकत होते. ज्यांच्यासमोर त्याने शेखी मिरवली, तेच ते. तरी त्याने आवाज खाली केला नाही.

मास्तर पायरीवर बसले. मग त्यांनी विचारलं, तपासणीत हे कुणी केलं ते विचारलं असेल ना?

"विचारलं की," बाप म्हणाला. "शिडीने सरळ सांगितलं, माझ्या बापाने केलं म्हणून. ती काही लपवत नाही."

मास्तरांनी शिडीकडे बघून शाबासकीची मान हलवली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. बापाने तिच्यासाठी तेवढी सोय करून ठेवली होती.

"नाही मास्तर," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. बाबा शेजारी उभे होते आणि मी त्यांची ओळखसुद्धा दिली नाही."

 मास्तरांनी किल्ली बापाच्या हातात दिली आणि काठी घेऊन नातीला आणायला पायी निघाले.

"उद्या मी तपासणीला परत जाते," शिडी खालमानेने म्हणाली. "सगळं खरं सांगते. तुम्ही नका येऊ."

"येणार," बाप म्हणाला. "पण बाहेर नाही उभा राहणार."