वळणावरचं कुंपण

नुआला मॅक्गोवनने लायट्रिम परगण्यातली बंद पडलेली दूध डेअरी विकत घेतली, तेव्हा गावाने तिला वेड्यात काढलं. एकटा फिन्टन, तिचा धाकटा दीर, म्हणाला, "घे. तुझ्या सोडा ब्रेडसाठी लोक पार स्लायगो शहरातून येतील." नवरा टॉम गेल्यापासून तिची गुरं फिन्टनच बघायचा. त्यामुळे बेकरीच्या परवानगीचा अर्जही तिने त्याला शेजारी बसवूनच भरला.

अडचण एकच होती. डेअरीचं फाटक नेमकं वळणावर. बाहेर पडणाऱ्या गाडीला सत्तर मीटरपर्यंतचा रस्ता दिसला पाहिजे असा नियम, आणि मध्ये फिन्टनच्या शेताचं उंच काटेरी झुडपांचं कुंपण. ते छाटून द्यायचं त्याने कबूल केलं. लेखी कशाला, घरातलाच मामला, म्हणाला. अर्जाची जाहीर सूचना फाटकावर त्यानेच ठोकली.

हरकतींची पाच आठवड्यांची मुदत संपल्यावर नुआला सांडपाण्याचा एक कागद द्यायला काउन्सिलच्या कचेरीत गेली. एक हरकत आली आहे, असं सांगून कारकून बाईंनी फाईल पुढे सरकवली. टाइप केलेलं एक पान. वळणावर रहदारी वाढेल, अपघात होतील. शेजारच्या जमीनमालकाची कुंपण छाटायला संमती नाही. खाली सही फिन्टनची. सूचना ठोकल्यानंतर नवव्या दिवशीची. त्यानंतरचे तीन रविवार तो तिच्याकडे जेवून गेला होता. ओव्हन कुठे बसवायचा, तेही त्यानेच सुचवलं होतं.

नुआलाने पान दोनदा वाचलं. मग त्याची प्रत मागून घेतली.

घरी न जाता ती थेट त्याच्या अंगणात गेली आणि हरकतीची प्रत ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली. फिन्टनने ती उचलली नाही.

"हरकत नावानिशी दाखवतात, हे ठाऊक नव्हतं मला."

"ठाऊक असतं तर केली नसतीस?"

हात पुसत तो म्हणाला, "टॉमची जमीन आज ना उद्या तू मलाच विकशील असं वाटायचं. बेकरी चालली, की तू कुठली हलतेस इथून."

"तोंडावर विचारायचंस मग."

"तू नाही म्हणाली असतीस."

परवानगी नाकारली गेली. कारण एकच दिलं होतं, वळणावरचा रस्ता दिसत नाही. अपील करता आलं असतं, पण कुंपण त्याचंच राहणार होतं. नुआलाने टॉमची जमीन पलीकडच्या गावातल्या एका अनोळखी शेतकऱ्याला दहा वर्षांच्या भाडेकराराने दिली, आणि शुक्रवारच्या बाजारात पावाची टपरी टाकली.

फिन्टन मात्र चर्चमध्ये नेहमीच्याच बाकावर, तिच्या शेजारी येऊन बसला. प्रार्थनेत शेजाऱ्याशी हात मिळवून एकमेकांना शांती देण्याची वेळ आली. त्याने हात पुढे केला. मागच्या दोन्ही बाकांवरची माणसं बघत होती. नुआलाने हात कोटाच्या खिशातच ठेवले.