आगाऊ भाड्याचे बोंबील

नवीन पनवेलात मांजरं एवढी कशी, याचं कारण गुरुदत्तराव. कोणी दुसरं काही सांगितलं तर तो माणूस कळंबोलीचा समजावा.

गुरुदत्तराव विमा कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांना दोन काळज्या लागल्या. पहिली, घराची वरची खोली रिकामी होती. दुसरी, त्या खोलीवर मेहुण्याचा डोळा होता. दमयंतीबाईंचा हा भाऊ, बाळू, ज्या घरी गणपतीला गेला तिथून होळीच्या बोंबा मारूनच उठला, असा त्याचा लौकिक. त्याचं पोस्टकार्ड आलंच होतं : "भाऊजी, रविवारी ट्रंक घेऊन येतो. खोली झाडून ठेवा."

रविवारच्या आत भाडेकरू हवा होता. पण आधीचा भाडेकरू भाडं बुडवून, वर छताचा पंखा घेऊन गेला होता. तेव्हापासून गुरुदत्तराव पगाराचा कागद बघितल्याशिवाय कोणाला जिनाही चढू देत नसत.

शनिवारी उरणकडचा दयाराम कोळी आला. लेक रिया पनवेलच्या कॉलेजात जाणार, म्हणून त्याला बायको-मुलीसाठी खोली हवी होती.

"पगार किती?"

"दर्या पगार देत नाय, साहेब. देतो तवा टोपल्या भरून देतो. पावसात होडी वाळूवर आनि आमी घरात."

"म्हणजे पावसाळ्यात उत्पन्न शून्य. मग चार महिन्यांचं भाडं आगाऊ पडेल."

"देतो की. पन रोख नाय. सुके बोंबील हायेत. भर पावसात ताजी मासली नसते, भाव दुप्पट होतो."

गुरुदत्तराव जन्माचे शाकाहारी, चातुर्मासात कांद्याकडेसुद्धा न बघणारे. पण आगाऊ, दुप्पट आणि बाळू हे तीन शब्द एकदम डोक्यात शिरले की माणसाचं भान सुटतं. शिवाय तीस वर्षं तपकीर ओढून त्यांचं नाक कामातून गेलं होतं. त्यांच्या लेखी बोंबील काय आणि वाळवणाच्या कुरडया काय, सारखेच. ते म्हणाले, "आणा."

संध्याकाळी टेम्पो आला. वरची खोली भाड्याने दिलेली, म्हणून पोती हॉलमध्ये रचली. सोफ्याचं टोकही दिसेना. तासाभरात जिन्यावर मांजरांची रांग लागली. गोव्याला निघालेले ट्रक कळंबोलीला पाटी सोडून वासावर वळायला लागले, दोन ड्रायव्हर तर दारात येऊन "थाळी कितीला?" विचारून गेले.

दमयंतीबाई भजनाहून परतल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या. माहेर त्यांचं मासे खाणारं. लग्न झालं तेव्हा या घरासाठी त्यांनी मासे सोडले, ते सोडलेच होते. त्यांनी डोळे मिटले.

"काय हे?"

"भाडं."

"केवढं?"

"चार महिन्यांचं. आगाऊ."

बाईंनी पदर खोचून तवा काढला. गुरुदत्तरावांना बोलणी खायची सवय होती. तव्याची नव्हती.

रविवारी बाळू ट्रंकेसह हजर. लोणावळ्यालाच वास लागला म्हणे, एसटीच्या ड्रायव्हरला त्यानेच रस्ता सांगितला.

"भाऊजी, खोली गेली ना? जाऊ द्या. मी पोत्यांवर झोपतो. मांजरांपासून राखायला घरचं माणूस हवंच."

"राखणार कोण, तू?"

"मग काय, तुम्ही? तुम्हाला तर वासही येत नाही."

आणि राखण सुरू झाली. सकाळी बोंबील भाजून, दुपारी चटणी, रात्री वांग्यात. भर पावसात भाव खरंच दुप्पट झाला, पण तोवर बाळूही दुप्पट झाला होता आणि पोती निम्मी. दमयंतीबाई त्याला वाढता वाढता स्वतःच्या पानातही वाढून घेत आणि तीस वर्षांत केलं नव्हतं तेवढं गुणगुणत.

गुरुदत्तरावांच्या चातुर्मासाचं मात्र कठीण झालं. घरातला तवा बाटला, पळी बाटली, दुधाच्या पातेल्याचाही भरवसा उरला नाही. एका दुपारी ते उपाशीपोटी वर गेले. दयारामची बायको गोदूबाई वरण-भात वाढत होती.

"तुमच्याकडे बोंबील नाहीत?" त्यांनी विचारलं.

"कुठून असतील?" गोदूबाई म्हणाली. "सगले तुमाला दिले नाय का? अख्खा पावसाला डाल खावून काढतोय. बसा."

अख्ख्या गल्लीत शुद्ध शाकाहारी घर ते एकच. गुरुदत्तराव बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग वामकुक्षीला उशी नेली. भाद्रपदात अंथरूण नेलं, कारण खाली बाळू घोरला की मांजरं त्याला साथ देत.

नारळीपौर्णिमेनंतर दयाराम दर्यावर गेला होता, तो दसऱ्याला खोलीवर आला. कोपऱ्यात घरमालक पोथी वाचत बसलेले. त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने अंथरुणाकडे बोट दाखवलं. दयाराम समोर मांडी घालून बसला.

"साहेब, राहताय तर राहा. पन पगार किती तुमाला?"

"पगार कसला? निवृत्त झालो मी."

"मंग आगाऊ द्यावं लागंल," दयाराम म्हणाला. "बोंबील चालतील."

गुरुदत्तराव उठून जिन्यावर गेले आणि खाली वाकून त्यांनी विचारलं, "बाळू, एखादं पोतं उरलंय का रे?"

खालून फक्त ढेकर आला.