प्रतिभाच्या कॉम्प्युटरचं दुखणं

नारायणगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून मला चौदा वर्षं झाली, पण एकाही मशीननं माझी अशी फजिती केली नव्हती. पिंपरी पेंढारच्या प्रतिभाचा डेस्कटॉप चालता चालता फटकन बंद पडायचा. दुकानात आणला की गुणी बाळ, दोन दिवस अखंड चालवला तरी काही नाही. घरी नेला की पुन्हा तेच. रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, यूपीएस नवा बसवला. वर तिलाच म्हणालो, "ताई, तुमचाच पाय लागत असंल वायरीला." काय ते माझं शहाणपण!

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ती रडत होती. संध्याकाळी पाचपासून ती घरी बसून एका कंपनीचे कॉल घ्यायची.

"आदेशभाऊ, साहेबांनी शेवटचं सांगितलंय. अजून एकदा कॉल तुटला तर पुण्यात येऊन बसायचं. पोरीला टाकून कशी जाऊ हो मी?"

तिला एक दिवस सुट्टी टाकायला लावली आणि गेलो. या वेळी स्क्रू ड्रायव्हरला हातच लावला नाही. आपण कधी बंद पडलो याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो, ती उघडली. सहा चाळीस. सहा पस्तीस. सहा पन्नास. च्यायला, रोज हीच वेळ! मधे चार दिवस मात्र कोरे.

"या चार दिवसांत काय वेगळं होतं?"

"काही नाही. आत्या डिंगोऱ्याला गेल्या होत्या, माहेरी."

आत्या म्हणजे तिची सासू, साळुबाई. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पाप आलं. सुनेची नोकरी खुपत असेल, म्हातारीच काहीतरी करत असेल. प्रतिभाचाही चेहरा उतरला. आम्ही दोघं त्या वेळेची वाट बघत बसलो, दार रोजच्यासारखं लावून घेतलेलं.

खिडकीतून गोठा दिसत होता. बिबट्यानं वासरू नेलं तेव्हापासून सासऱ्यांनी, सयाजींनी, गोठ्याभोवती झटका मशीनची, म्हणजे शिवलं की विजेचा हिसका देणारी, तार ओढली होती. मशीन याच खोलीत, भिंतीवर. सुनेचं काम सुरू व्हायच्या आत ते चालू करून सयाजी शेतावर जायचे.

साडेसहानंतर साळुबाई चरवी घेऊन धार काढायला आल्या. पदर हाताला गुंडाळून तार खाली दाबली आणि पाय पलीकडं टाकला. त्यांचं सगळं अंग हिसडलं. इकडं स्क्रीन काळी.

मशीनची अर्थिंग घराच्याच अर्थिंगला जोडलेली होती. तारेला हात लागला की हिसका तिथून थेट कॉम्प्युटरमध्ये. त्या माहेरी होत्या ते चार दिवस सयाजींनी मशीन लावायच्या आधीच धार काढली होती. मी तीन वेळा आलो आणि भिंतीवरच्या त्या डब्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

मी मशीन बंद केलं आणि बाहेर पळालो. मागोमाग प्रतिभा.

"मावशी, आधी मशीन बंद करावं ना!"

"बटन हिच्या खोलीत हाये, बाबा. कॉल चालू असला की कुनी आत यायचं न्हाई, असं म्हन्ली व्हती ती. तिची नोकरी जायला नको."

"आणि झटका?"

"लागतोय की. मरत न्हाई मानूस त्यानं."

प्रतिभा हे खरंच बोलली होती, सहा महिन्यांपूर्वी, चिडून, एकदाच. तिनं सासूचा हात धरला आणि तिला रडूच फुटलं.

"आत्या, हाक तरी मारायची हो!"

"अगं, हाक मारली असती तर तुझ्या सायबाला ऐकू गेली असती."

दुसऱ्या दिवशी मी झटका मशीनची अर्थिंग लांब बांधाला वेगळी गाडली आणि बटण गोठ्याच्या भिंतीवर आणलं. कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला नाही. निघताना साळुबाईंनी पेलाभर धारोष्ण दूध पुढं केलं. मला मान वर करून त्यांच्याकडं बघवेना.