खोटे कोनाडे

नाश्त्याला बसलो होतो, तेवढ्यात कबुतरांच्या मनोऱ्यातून ठोके ऐकू येऊ लागले. पाव कॉफीत तसाच सोडून मी बाहेर गेलो. सुतारपक्षी असेल, अशी स्वतःची समजूत घालत होतो. सुतारपक्षी दगडावर चोच मारत नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

मनोऱ्याच्या मधोमध एक उभा खांब आहे. त्याच्या आडव्या हातांना शिडी बांधलेली. खांब फिरवला की शिडी भिंतीच्या कडेने फिरते. पूर्वी तिच्यावर चढून नोकर भिंतीतल्या घरट्यांच्या कोनाड्यांतली पिल्लं काढत. आज तिच्यावर माझा थोरला भाऊ गॉतिए, फाँब्रुयेरचा काउंट, छिन्नी-हातोडा घेऊन चढला होता.

"दादा, हे काय चाललंय?"

"कोनाडे खोल करतोय. जरा बाजूला हो, डोक्यात दगड पडेल."

मला रडावं की ओरडावं ते कळेना. दोन्ही मला नीट जमत नाही.

आमच्या या भागात जितकी जमीन तितकीच कबुतरं, असा जुना रिवाज होता. त्यामुळे सोयरीक ठरवायला आलेला मुलीचा बाप जमिनीची चौकशी करत बसत नसे. मनोऱ्यात शिरून कोनाडे मोजायचा. आमच्या अँगराँ नावाच्या पूर्वजाची जमीन थोडी आणि हौस मोठी. त्याने वरच्या अर्ध्या भिंतीवर नुसत्या कडा उठवल्या, आत दोन बोटं पोकळी ठेवली आणि ती काळी रंगवली. खालून अंधारात सगळं सारखंच दिसतं. लग्न झालं. सासऱ्याला हे पुढे कळलं का, याचा मी आयुष्यभर शोध घेतोय. अजून लागलेला नाही.

"मादाम ताब्युतो आज दुपारी येणार," गॉतिए वरून म्हणाला. "सरकारी बाई आहे. तिने कोनाड्यात हात घातला आणि बोटं अडली, तर घराण्याची अब्रू जाईल."

"अरे, पण ते खोटेपणच तर..."

"प्रोफेसर, तुझं मनोऱ्यावरचं पुस्तक कुणी वाचत नाही म्हणून आमच्यावर राग काढू नकोस."

पुस्तक खरंच कुणी वाचत नाही. पण मादामने मनोऱ्याचं नाव संरक्षित वास्तूंच्या यादीत घातलं नाही, तर त्याच्या छपराच्या दुरुस्तीला सरकारी मदत मिळणार नव्हती, आणि ते छप्पर आणखी एक हिवाळा तग धरणार नव्हतं. आमच्या गढीत दुसरं खरं जुनं उरलंय काय? दोन्ही बुरुज आमच्याच एका घाबरट पूर्वजाने फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी घराच्या छपराच्या उंचीपर्यंत उतरवून घेतले. आम्ही नाव मात्र गावकऱ्यांचं सांगतो. टोकदार कमानींचं प्रार्थनाघर पणजीच्या हौसेचं आहे, मध्ययुगाचं नव्हे. राहिला हा मनोरा.

मादाम ताब्युतो चिखलाचे बूट घालून आल्या. गॉतिएने त्यांना सगळीकडे फिरवलं. बुरुजांची कथा त्यांनी जांभई दाबत ऐकली. प्रार्थनाघराकडे एकदाच पाहून म्हणाल्या, "छान डागडुजी केलीय." ओदिल वहिनींनी अक्रोडाचा केक पुढे केला, तो मात्र त्यांनी आवडीने खाल्ला.

मनोऱ्यात गॉतिएने कोपरापर्यंत हात कोनाड्यात घातला. "बघा, एकूणएक खरे!"

"असे मनोरे या भागात खूप आहेत, काउंटसाहेब," त्या म्हणाल्या आणि वही मिटायला लागल्या. "तुमच्या बाहीला ही ताजी भुकटी कसली?"

"कबुतरं," गॉतिए म्हणाला. "फार उकरतात."

त्या दाराकडे वळल्या. मी चुकत असेन, असं मनात आलं. ते नेहमीच येतं. तरी बोललो.

"मादाम, वरच्या ओळी खोट्या आहेत. सासऱ्याला फसवायला केलेल्या."

गॉतिएने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाड्यातली चांदी विकून आलोय.

मादाम शिडीवर चढल्या. वरून त्यांचा आवाज आला तो वेगळाच होता. "रंगसुद्धा शिल्लक आहे! अहो, असं मी फक्त ऐकून होते!" मग थोडं थांबून, "आणि या खोट्यांतल्या खालच्या ओळी कुठल्या गाढवाने फोडल्या?"

"कबुतरं..." गॉतिए म्हणाला, पण आता बारीक आवाजात.

वरच्या तीन ओळींपर्यंत शिडी पोचत नव्हती, म्हणून तेवढ्या ओळी छिन्नीतून सुटल्या होत्या. तेवढ्यावर मनोऱ्याचं नाव यादीत गेलं. जाताना मादामनी बजावलं, "विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही."

जुन्या वास्तू सगळ्यांना खुल्या करतात त्या वारसा दिनाला लोक मनोरा बघायला आले. गॉतिए दारात उभा राहून सांगत होता, "आमच्या घराण्याची अक्कल बघा! सासऱ्यालाही गंडवलं! पहिल्यांदा हे मीच ओळखलं." लोक हसले. मी मागे उभा होतो. मला माझ्या पुस्तकाची एक प्रत कुणाला तरी द्यायची होती, पण खिशातून काढलीच नाही.

आज सकाळी तो चुन्याची बादली आणि काळा रंग घेऊन अंगणात दिसला.

"आता काय?"

"फोडलेले परत खोटे करतो. होते तसे. दोन बोटंच ना रे, प्रोफेसर?"

त्याच्याशी वाद घालणं मला कधीच जमलं नाही. तो टोपी आणायला आत गेला, तेव्हा मी मनोऱ्याला कुलूप लावलं आणि पुस्तक घेऊन खिडकीशी बसलो.

"ल्युसियाँ! मनोऱ्याची किल्ली कुठेय?"

"शोधतोय, दादा," मी म्हणालो. किल्ली खिशात मांडीला टोचत होती. मी पान उलटलं.