चुन्याच्या पाण्याची रेघ

लातूरच्या भूकंपानंतरचं दुसरं वर्ष. पाटबंधारे खात्यात नवीच लागलेली इंजिनिअर विशाखा त्या आठवड्यात जमिनीवर नव्हतीच. लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या अंबरीशशी तिचा नांदेडला नुकताच साखरपुडा झाला होता, आणि ऑफिसात ती मोजायचा टेप उलटा धरून आकडे वाचत होती.

तेवढ्यात जळकोटकडून निरोप आला. पहाटेच्या धक्क्याने पूर अडवायच्या मातीच्या धरणाला भेग पडली होती आणि खालचं गाव टेकडीवर जाऊन बसलं होतं. जीप गॅरेजमध्ये. अंबरीशने आपला तास दुसऱ्या सरांच्या गळ्यात मारला आणि तिला स्कूटरवर घेऊन निघाला. वाटभर दोघं कशालाही हसत होती. धरण दिसलं तशी विशाखा स्कूटरवरून उतरून थेट माथ्यावर चढली.

भेग धरणाच्या माथ्यावर पाण्याकडच्या कडेपासून गावाकडच्या कडेपर्यंत आडवी गेली होती. ती पाण्याच्या पातळीपर्यंत उतरली असेल, तर पाणी तिच्यातूनच वाट काढणार. विशाखाने आधी धरणाचं दार उघडायला लावलं, पाणी उतरू लागलं. मग चुना कालवून भेगेत ओतला. पांढरं जिथवर उतरेल तिथवर भेग. आता खणायचं होतं. टेकडीवरून कुणी हलेना, म्हणून अंबरीशनेच इस्त्रीच्या कपड्यांत कुदळ उचलली.

धरणालगत शेत असलेली केवळाबाई वरून ओरडली, "बाई, ह्ये कोन खनून राहिले?"

"आमचे... सर."

"सर तर लई लाजून राहिले," केवळाबाई म्हणाली. टेकडी हसली. तिचा नवरा हणमंतराव फावडं घेऊन उतरला, त्याच्यामागे बाकीचे.

पांढरी रेघ बारीक होत गेली आणि गुडघाभर खोलीवर संपली. पाणी त्याच्या कितीतरी खाली होतं. पायथ्याला झिरपणारं पाणी विशाखाने ग्लासात धरून पाहिलं. नितळ. माती वाहत नव्हती. तिला एकदम हलकं वाटलं. खड्ड्यात ओली चिकणमाती भरून सगळ्यांनी जड लाकडी धुमसाने ठोकली. आता धोका नाही, असं विशाखाने सांगितलं.

"धोका न्हाई म्हनता, तर मग हितंच जेवा. धरनाखाली," केवळाबाई म्हणाली.

"जेवते की."

दुसऱ्या घासाला जमीन हलली. भांडी वाजली. विशाखा हातातल्या भाकरीसकट उठली आणि उतारावरून वर पळत सुटली. तिच्यामागे अंबरीश, त्याच्यामागे अख्खं गाव. ती पालथी पडून भरलेली माती न्याहाळत राहिली. केसाएवढीही चीर नव्हती.

"हललं नाही," ती म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. अंबरीश हसला, हणमंतराव हसला, केवळाबाई तोंडाला पदर लावून खालीच बसली.

खाली पाहिलं तर शेळ्यांनी भाकरी संपवली होती.

"ऱ्हाऊ द्या. घरची चूल पेटवते," केवळाबाई म्हणाली आणि गावाच्या दिशेने उतरू लागली. टेकडीवरची गाठोडी उचलून लोकही तिच्यामागे निघाले.