माझी पाठ मोकळी ठेवा

गरम रबराचा वास.

शाई लागलेला एक अंगठा.

प्रश्न विचारून गप्प बसणारी बाई.

पडद्यांचे दुकान. तिथे गेलेल्या दोघांपैकी कोणालाच पडदे नको होते.

आत्याचा ड्रायर. त्याला ती कोणाला हात लावू देत नसे.

"उलटा करा बघू."

हे तुकडे एकमेकांना जुळत नाहीत, हे मला कळते. पण भीती आठवू लागलो की ती ओळीने येतच नाही. थांबा मित्रांनो, नीट सांगतो.

मी एक जुना कागद आहे. जाड, फिकट पिवळसर. माझ्या पुढच्या बाजूला एका बाईचे नाव आहे आणि तिने मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्याचे शिक्षण पूर्ण केले, असे खाली लिहिले आहे. कोपऱ्यात उठावाचा एक गोल ठसा आहे. मागच्या बाजूला काहीही नाही. ही मागची बाजू तेवढी लक्षात ठेवा.

पुढची बाजू

कागदाची जात मुळात भित्री. पाण्याची भीती, विस्तवाची भीती, वाळवीची भीती, चहाच्या कपाची तर विचारूच नका. माझी पहिली भीती मात्र निराळी होती. तेव्हा मी कोरा होतो आणि एका शिकवणी संस्थेच्या कपाटात पडून होतो. आमच्यावर नाव छापले जाणार ते फक्त पास होणाऱ्याचे, हे आम्हा सगळ्या कोऱ्या कागदांना ठाऊक होते. नापास होणाऱ्याच्या वाट्याचा कागद तिथेच पिवळा पडणार.

कपाटाला काचेचे दार होते. त्यातून वर्ग दिसे. शिक्षक व्हायला आलेल्यांनी खऱ्याखुऱ्या माणसांना शिकवून दाखवायचे, अशी तिथली रीत होती. समोर एक स्वयंपाकी बसे, एक पहारेकरी, एक शिवणकाम करणारी बाई. आणि मागच्या बाकावर वही न उघडता बसलेल्या प्रशिक्षक बाई.

जिचे नाव पुढे माझ्यावर आले, ती पहिल्या दिवशी बोलत सुटली. घाबरलेला माणूस जिना उतरतो तशी. तास संपला तेव्हा स्वयंपाक्याने जांभई दिली.

"तुम्ही छान बोलता," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "हीच अडचण आहे."

"म्हणजे?"

"इंग्रजी शिकायचंय कोणाला? तुम्हाला की त्यांना? प्रश्न विचारा आणि गप्प बसा."

"आणि कोणी बोललंच नाही तर?"

"तर आणखी गप्प बसा."

"बाई, मला त्या शांततेची भीती वाटते हो."

"वाटू दे. त्यांनाही वाटते. म्हणून तर ते बोलतात."

ती शिकली. शेवटच्या तासाला पहारेकरी एवढा बोलला की त्याला थांबवावे लागले. मग मी यंत्रात गेलो आणि नाव घेऊन बाहेर आलो. कपाटात राहिलेल्यांकडे मी मागे वळून पाहिले नाही. धीर झाला नाही.

तिच्या घरी तिघे होते. ती, तिचे बाबा आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. बाबा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. मला हातात घेण्याआधी त्यांनी हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. त्या दिवसापासून ते लेकीला मास्तरीण म्हणू लागले.

"वाच की, काय लिहिलंय ते," आत्या म्हणाली.

"लिहिलंय की आता हिच्यापुढे आपण तोंड उघडायचं नाही," बाबा म्हणाले.

माझी जागा बाबांच्या कपाटात होती. त्यांना नोकरीत मिळालेल्या प्रशस्तिपत्रासोबत. "एकही अपघात नाही" असे त्याच्यावर लिहिलेले होते. भला कागद होता तो. आम्ही एकमेकांना टेकून असायचो.

मग कपाटामागच्या भिंतीला ओल आली. ती रोज थोडी सरके. तिचा डाग आमच्या खणापर्यंत आला, तेव्हा आम्हा दोघांची पाचावर धारण बसली. एके दिवशी, मास्तरीण कामावर गेलेली असताना, बाबांनी आम्हाला उचलले आणि चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेले.

गरम रबराचा वास. दोन रूळ, त्यांच्यामध्ये प्लास्टिक. मी आत गेलो तेव्हा कागद होतो. बाहेर आलो तेव्हा काचेतला मासा होतो. माझ्यामागून माझा सोबतीही तसाच.

"आता शंभर वर्षं काही होत नाही," दुकानदार म्हणाला.

मला भिंतीवर लावले गेले. पाहुणे माझ्याकडे बोट दाखवत. मला ओल लागत नव्हती, चहा लागत नव्हता, कोणाचा हातही लागत नव्हता. खरे सांगू? ती माझी सगळ्यात निर्धास्त वर्षे होती. तीच मला नडली.

एक प्रश्न, जो आत्याने विचारला

मास्तरीण ज्या शाळेत शिकवत होती ती बंद झाली. दुसऱ्या शाळेत जागा नव्हती, तिसरीला घाई नव्हती. घरात बोलणे कमी झाले. मग तिने परदेशात अर्ज करायला सुरुवात केली.

"त्या कागदाला बाहेर कुत्रं तरी विचारेल का?" आत्या म्हणाली.

"आत्या, मी जिथं जाणार तिथं लोकांना इंग्रजी येत नाही. म्हणून तर बोलावतायत."

"येत नाही ना? मग तू चुकलीस तरी त्यांना कळणार कसं? कशाला हवाय कागद?"

बाबा हसले. मास्तरीण हसली नाही. भिंतीवर मी गार पडलो, कारण माझ्याही मनात तोच प्रश्न होता. माझा उपयोग होतो का?

परदेशातल्या नोकऱ्यांचे काम पाहणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, "सर्टिफिकेट नसेल तर तुमचा अर्ज उघडतच नाहीत. असेल तर उघडतात. पुढं काय होतं ते तुमचं तुम्ही. आणि काही शाळांना घरी जन्मापासून इंग्रजी बोलणारेच हवे असतात. तिथं सर्टिफिकेटची चळत नेलीत तरी दार बंद."

तशी दारे बरीच बंद झाली. अखेर एका शाळेने बोलावले, म्हणजे पडद्यावर बोलावले. मास्तरीण संगणकापुढे बसली. मी तिच्या मागे भिंतीवर, मुद्दाम दिसेल असा. तिकडच्या मुख्याध्यापिकेने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मला काही येत नाही असं समजा," त्या म्हणाल्या, "आणि मला रस्ता विचारायला शिकवा."

मास्तरणीने दोन वाक्ये सांगितली, एक चित्र दाखवले, एक प्रश्न विचारला. आणि गप्प बसली.

पडद्यावर काही हलेना. दाराआडून आत्या कुजबुजली, "गेलं वाटतं नेट."

शांतता लांबत गेली. बोल ना, मी मनात म्हणालो, काहीतरी बोल, ही नोकरी जाईल! ती बोलली नाही. टेबलाखाली तिने एका पायाने दुसरा पाय दाबून धरला होता. तो फक्त मला दिसत होता.

मग मुख्याध्यापिकेने विद्यार्थ्यासारखे अडखळत रस्ता विचारला. आणि त्या हसल्या.

नोकरी मिळाली. पण अट होती. शाळा उघडण्याआधी मूळ प्रमाणपत्र पोचले पाहिजे आणि त्याच्या मागच्या बाजूला, ते खरे आहे असा, आपल्याकडच्या सरकारी कार्यालयाचा शिक्का हवा. नाहीतर परवाना नाही, आणि जागा दुसऱ्या उमेदवाराला.

काच

"उलटा करा बघू," खिडकीतले कारकून म्हणाले.

त्यांनी शिक्का शाईवर दाबला, मग माझ्या पाठीवर. शिक्का उमटला आणि घसरला. प्लास्टिकवर शाई थेंबाथेंबाने गोळा झाली. त्यांनी अंगठा फिरवला. मी पुन्हा कोरा.

"धरत नाही. मूळ प्रत आणा."

"हीच मूळ आहे साहेब."

"असेल. पण बरणीत बंद केलेली आहे. मी बरणीवर शिक्का मारत नाही. संस्थेकडून नवीन काढून आणा."

मास्तरीण आणि बाबा तिथून तडक संस्थेच्या पत्त्यावर गेले. पाटी बदललेली होती. वर्गात, माझे कपाट होते त्या जागी, पडदे टांगलेले होते.

"इंग्रजीवाले ना? कधीच गेले," दुकानदार म्हणाला. "कुठं, ते ठाऊक नाही. आलात तसे पडदे बघून जा."

मला पुन्हा पिशवीत घातले. अंधारात मला एवढेच कळत होते की आता जगात माझ्यासारखा मी एकटा आहे, आणि तोही निकामी.

घरी आल्यावर मास्तरणीने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. मग बोलली. "एकदा विचारायचं तरी होतं, बाबा. एकदा."

बाबा जमिनीकडे पाहत म्हणाले, "घाईघाईत करून टाकलं गं. डोकं चाललं नाही."

"गाढवही गेलं नि ब्रह्मचर्यही," आत्या म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

मागची बाजू

प्लास्टिक सोलायचे ठरले. गरम हवेने डिंक सैल होतो, असे कोणीतरी सांगितले होते. आत्याने न मागता आपला ड्रायर आणून ठेवला. तेव्हाच मला कळले की प्रकरण गंभीर आहे.

बाबा उठले आणि कपाटातून आपले प्रशस्तिपत्र घेऊन आले. "आधी याच्यावर करून बघा."

"बाबा, नको."

"आता कोण मला बस देणार आहे? घ्या."

माझा जुना सोबती टेबलावर आडवा झाला. ड्रायर घुमू लागला. मास्तरणीने पुढच्या बाजूचा कोपरा उचलला आणि ओढला. बारीक, कोरडा आवाज झाला. प्लास्टिकला चिकटून अक्षरे वर आली. "एकही अपघात नाही" ही ओळ कागद सोडून निघून गेली.

मित्रांनो, मी ते पाहिले. माझ्यात पळण्याची सोय असती तर मी पळालो असतो.

बाबा तेवढे म्हणाले, "अपघात झाला शेवटी." कोणी हसले नाही.

मग मास्तरणीने एक गोष्ट केली. ती खुर्चीत बसली आणि तिने विचारले, "शिक्का कुठं मारायचाय?" हे तिला ठाऊक होते. सगळ्यांनाच ठाऊक होते. पण ती विचारून गप्प बसली, त्या वर्गात शिकली होती तशी. ती स्वतःलाच विचारत होती की त्यांना, कोण जाणे.

शांतता. नळाचा थेंब. ती सहन होईना तसा आत्याचा धीर सुटला. "मागेच ना? मेलं मागं तर एक अक्षर नाही! मग पुढचं कशाला सोलताय? राहू दे की ते प्लास्टिक तिकडंच!"

बाबांनी मान वर केली. मास्तरणीने आत्याकडे असे पाहिले की आत्या म्हणाली, "काय? चुकलं का माझं?"

मला पालथे घातले. आता मला कोणाचेच तोंड दिसत नव्हते, फक्त टेबलाचे लाकूड. ड्रायर बाबांच्या हातात होता. इतकी वर्षे स्टिअरिंग धरलेला हात. जवळ नाही, लांब नाही, एका चालीत. पाठीवर ऊब आली. मग ओढ.

थोडे निघाले. थांबले. पुन्हा ऊब. पुन्हा ओढ. एका जागी माझी कातडी सोलली जात आहे हे मला कळले. "थांब," बाबा म्हणाले. "ब्रेक." ती थांबली. त्यांनी दुसऱ्या बाजूने हवा दिली आणि ती दुसऱ्या बाजूने ओढू लागली. गोल ठशाच्या मागे मी इतका पातळ झालो की उजेड आरपार जाऊ लागला. अजून थोडे ओढले असते तर तिथे भोक पडले असते.

पडले नाही.

दुसऱ्या दिवशी तीच खिडकी. कारकुनांनी मला उलटे केले, बोट फिरवले, उजेडापुढे धरले. "हे काय? अर्धं सोललंय."

"मागचं काढलं. पुढचं तसंच आहे. आता चालेल का?" मास्तरणीने विचारले. आणि ती गप्प बसली.

कारकून आत गेले. मला घेऊन. आतल्या साहेबांनी मला पालथे केले, सुलटे केले, पुन्हा पालथे केले. इतकी भीती मला रुळांतही वाटली नव्हती. मग दणका बसला. ओली, गार शाई सोललेल्या जागी जराशी पसरली, पण आत मुरली. मी ती धरली. मी ती घट्ट धरली.

आज मी दूरच्या देशात, मास्तरणीच्या खोलीत, एका फाईलमध्ये असतो. परवाना झाल्यापासून मला कोणी बाहेर काढलेले नाही. तक्रार नाही. परदेशात नोकरी मिळायला माझा उपयोग होतो का, असे मला विचाराल तर होतो, दाराच्या कडीइतका. कडी वाजवायला मी हवा. पण आत गेल्यावर शांततेत उभी राहिली ती तिची ती. मला मात्र अजून भीती वाटते. पुढून काचेत आणि मागून उघडा असा मी आहे, आणि या भिंतीलाही कोपऱ्यात ओल दिसते.

म्हणून एवढेच सांगतो, मित्रांनो. आपले मूळ कागद जपा, पण बरणीत घालू नका. कोरड्या जागी ठेवा, साध्या फाईलमध्ये ठेवा, अधूनमधून हात लावा. आमची पाठ मोकळी ठेवा. आमच्या पाठीवर अजून काय लिहिले जायचे आहे, ते कोणालाच ठाऊक नसते. आणि ज्याने प्रेमापोटी चूक केली त्याला सोलताना ऊब थोडी जास्त द्या, ओढ थोडी कमी.

बाबा 'घाईघाईत' म्हणाले खरे, पण ज्या दिवशी ते आम्हाला झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले, त्या दिवशी तिथली वीज गेली होती. ती येईपर्यंत ते आम्हा दोघांना मांडीवर धरून बाकावर बसून राहिले होते.